वर स्वेटर, खाली समुद्र!

जानेवारी म्हणजे ऑफिसात फक्त कॅलेंडर बदलण्याचा महिना. नवी डायरी मिळते, जिमचे पैसे भरून होतात, बॉस 'या वर्षी जरा जोर लावू या' म्हणतो आणि मार्चएण्डची धावपळ दारात येऊन उभी राहते. गायब व्हायचं तर हीच वेळ! पण जायचं कुठे? गोव्यातली थर्टी फर्स्टची गर्दी अजून ओसरलेली नसते, महाबळेश्वरला पार्किंग मिळत नाही आणि थायलंडचे फोटो तर अख्ख्या ऑफिसला पाठ झालेत.

आमच्या घरात हा प्रश्न जरा जास्तच किचकट होता. जाणारे चौघं. मी, नवरा, धाकटा भाऊ आणि आई. नवऱ्याला डोंगरातली ट्रेन हवी, कारण त्याचा कॅमेरा वर्षभर कपाटात पडून आहे. भावाला लाटा हव्यात. त्यानं सर्फिंगचे इतके व्हिडिओ बघितलेत की तो सोफ्यावरसुद्धा तोल सांभाळून बसतो. आईला 'जरा गार, जरा शांत, आणि चढ नको'. तिचं वय चौसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. मला फक्त एकच पाहिजे होतं, सगळ्यांच्या मिळून पाच सुट्ट्यांत हे बसायला हवं. कारण आमच्या एचआरच्या लेखी सहावी सुट्टी म्हणजे बंड.

उत्तर सापडलं मुंबईहून विमानानं अडीच तासांवर. श्रीलंका. मी 2019 च्या जानेवारीत ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर पाठीवर सॅक टाकून जाऊन आले होते. तेव्हाची एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. सकाळी दोन स्वेटर घालून दात वाजवत चहा प्यायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी समुद्रात गळ्यापर्यंत उभं राहायचं. असा देश आपल्या इतक्या जवळ दुसरा नाही. मात्र या देशाचं प्लॅनिंग किलोमीटर मोजून करायला गेलात की तो तुम्हाला गंडवतो. तिथे मोजायची उंची, आणि बघायचं ते डोंगराची कुठली बाजू ओली आहे.

नकाशा छोटा, रस्ता मोठा

श्रीलंकेचं क्षेत्रफळ साधारण 65 हजार 600 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं तीन लाख सात हजारांच्या वर. म्हणजे अख्खा देश आपल्या राज्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. नकाशा उघडला की माणसाला चेव येतो. अरे, हे तर पुणे-नागपूरपेक्षा जवळ! चार दिवसांत उरकू! ट्रॅव्हल एजंटच्या कागदावर तर सहा दिवसांत दहा गावं असतात आणि प्रत्येक गावासमोर 'साइटसीइंग' असं लिहिलेलं असतं.

आता खरं गणित. विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला काटुनायकेला आहे, नेगोंबोच्या शेजारी. तिथून कँडी जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण लागतात साडेतीन तास. कँडी ते नुवारा एलिया 77 किलोमीटर, तरी अडीच-तीन तास, कारण तो सगळा रस्ता म्हणजे लांबवलेला आंबेनळी घाट. याउलट दक्षिणेला 2011 मध्ये सुरू झालेला एक्स्प्रेस वे आहे, त्यावरून कोलंबो ते गॉल हे शंभराहून जास्त किलोमीटर दोन तासांत संपतात. म्हणजे डोंगरातले शंभर आणि किनाऱ्यावरचे शंभर हे दोन वेगळे आकडे आहेत. आम्ही एक साधा नियम केला. डोंगरात ताशी तीसच्या वर हिशोब धरायचा नाही आणि एका दिवसात चार तासांपेक्षा जास्त गाडीत बसायचं नाही. आईच्या गुडघ्यांसाठी केलेला हा नियम तुमच्या ग्रुपमधल्या रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या मंडळींनाही तितकाच उपयोगी पडेल.

गाडी ड्रायव्हरसकट घ्यावी. बसेस स्वस्त आहेत, धम्माल आहेत, त्यात मोठ्यानं गाणी लागतात आणि ड्रायव्हर प्रत्येक वळण वैयक्तिक अपमान समजून घेतो. पंचविशीत एकदा जरूर बसा. आई बरोबर असेल तर नको.

पाऊस कुठल्या बाजूला आहे?

हे कळलं की अर्धं प्लॅनिंग झालं. श्रीलंकेला पावसाळे दोन. एक नैर्ऋत्येकडून येतो, मे ते सप्टेंबर, आपल्यासारखाच. तो पश्चिम आणि दक्षिण किनारा भिजवतो. दुसरा ईशान्येकडून, डिसेंबर ते फेब्रुवारी. बंगालच्या उपसागरावरून ओला वारा येतो आणि पूर्वेकडच्या अंगावर आपटतो. मधोमध डोंगर उभे असल्यामुळे एक बाजू भिजत असताना दुसरी बहुतेक कोरडी असते. आपल्याला हे नवीन नाही. महाबळेश्वरला पाऊस मोजायला भांडी कमी पडतात, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणच्या लोकांना टँकरची वाट बघावी लागते. तिथे फक्त हा खेळ वर्षातून दोनदा होतो, आणि दर वेळी बाजू बदलून.

म्हणून जानेवारीत त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे ही पूर्वेची नावं कितीही गोड वाटली तरी खोडायची. भावाचा जीव अरुगम बेमध्ये अडकला होता, कारण सर्फिंगच्या जगात ते मोठं नाव. पण तिथला सीझन उन्हाळ्यातला, साधारण मे ते सप्टेंबर. जानेवारीत लाटा, ऊन आणि शांत पाणी मिळतं ते बेंटोटा, हिक्काडुवा, उनावटुना, वेलिगामा, मिरिसा या पट्ट्यात.

डोंगरातही हीच गंमत, पण ती एजंट सांगत नाहीत. नुवारा एलिया मधोमध, 1,868 मीटरवर. जानेवारी सरत जाईल तसतसं ते कोरडं होत जातं. एल्ला मात्र पूर्वेच्या उतारावर, बदुल्ला जिल्ह्यात. तिथे ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चांगलाच पाऊस असतो. दोन गावांत अंतर साठेक किलोमीटरचं आणि हवा वेगळी! इन्स्टाग्रामवर एल्लाचे निळ्या आकाशाचे फोटो बघून एक तारखेला तिथे पोचलात तर पांढऱ्या धुक्यात जळवा मोजत बसाल. शक्य असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा. आम्ही तोच धरला. 26 जानेवारी कामाच्या दिवशी आली तर एक सुट्टी वाचते, हा बोनस.

थंडीचं गणित तर शाळेतलं आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. कोलंबोत तीस अंश असतील तर नुवारा एलियाला दुपारी अठरा-वीसच्या आसपास. रात्री पारा दहाच्या खालीही जातो आणि जानेवारी-फेब्रुवारीत काही पहाटे गवतावरचं दव चक्क गोठतं. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत हीटर नसतो. बुकिंग करताना नाश्त्याच्या आधी ब्लँकेटं किती ते विचारा.

कात्री

आता सगळ्यात दुःखद भाग. चौघांच्या याद्या एकत्र केल्या तेव्हा सतरा ठिकाणं झाली. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून त्यातली निम्मी कापली आणि नवरा-भाऊ दोन दिवस एकमेकांशी 'मीठ दे'च्या पलीकडे बोलले नाहीत.

सिगिरिया कापलं. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा तो खडकावरचा राजवाडा सुंदर आहे यात वाद नाही, पण वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या, आणि आमच्या वाटेपासून तो उत्तरेला बाजूला पडतो. तो नीट बघायचा तर दोन दिवस हवेत. मग पोलोन्नरुवा, अनुराधापुरासकट त्यासाठी वेगळी ट्रिप करावी. अर्ध्या दिवसात उरकलेलं सिगिरिया म्हणजे लग्नात जाऊन फक्त आइस्क्रीम खाऊन येणं.

श्रीपाद कापताना मात्र मलाच वाईट वाटलं. 2,243 मीटर उंच शंकूसारखा डोंगर, शिखरावर पावलाचा ठसा. बौद्ध म्हणतात बुद्धाचा, हिंदू म्हणतात शिवाचा, मुसलमान आणि ख्रिस्ती म्हणतात आदमचा, आणि सगळे एकाच वाटेनं चढतात. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रेचा हंगाम. रात्री दोनच्या सुमारास निघायचं, दिव्यांच्या माळेतून साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या चढायच्या, वाटेत चहाच्या टपऱ्या. सूर्य उगवला की डोंगराची त्रिकोणी सावली पलीकडच्या धुक्यावर पडते. आषाढीला दिंडीबरोबर चार पावलं चालला असाल तर तिथलं वातावरण समजायला गाइड लागत नाही. मी 2019 मध्ये चढले होते आणि त्यानंतर दोन दिवस जिने उलटी उतरत होते. तुम्ही पंचविशी-तिशीत आणि ग्रुपनं जाणार असाल तर हे ठेवा, दुसरं काहीतरी कापा.

आमच्या हातात शेवटी उरलं ते असं. शुक्रवारी ऑफिसातून थेट एअरपोर्ट आणि रात्री नेगोंबो. शनिवारी कँडी. रविवार-सोमवार रात्री नुवारा एलिया, मंगळवार-बुधवार एल्ला. गुरुवारी डोंगर उतरून वेलिगामा, तिथे दोन रात्री. शनिवारी गॉल, आणि रविवारी कोलंबोत दुपार घालवून रात्रीचं विमान. पाच सुट्ट्या, चार मुख्य मुक्काम. एल्लाचा बुधवार पूर्ण मोकळा ठेवलाय. का, ते सांगते.

डोंगर आता कसा आहे?

नोव्हेंबर 2025 च्या शेवटी 'दितवा' चक्रीवादळ श्रीलंकेवर आलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. सगळ्यात जास्त मार बसला तो याच डोंगराला. कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला जिल्ह्यांत ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, रस्ते खचले, घाटातल्या रेल्वेमार्गाचंही मोठं नुकसान झालं. माळीण आणि इर्शाळवाडी बघितलेल्या आपल्याला वेगळं काही समजावून सांगायला नको.

2019 मध्ये एल्लाजवळ मी ज्या घरी उतरले होते, तिथल्या बाईंना तेव्हा मेसेज टाकला. उत्तर दोन दिवसांनी आलं. घर ठीक आहे, वरचा रस्ता गेला, पाहुणे कुणीच नाहीत. त्यांच्या तीन खोल्यांचा हिशोब मला माहीत आहे. आम्ही राहून आलो त्यानंतर तीन महिन्यांत, एप्रिल 2019 मध्ये ईस्टरचे बॉम्बस्फोट झाले. मग कोरोना. 2022 मध्ये देशाचंच दिवाळं निघालं, पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांगा, राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. 2024 मध्ये पर्यटकांचा आकडा पुन्हा वीस लाखांच्या वर गेला, त्यात सगळ्यात जास्त आपण भारतीय, आणि त्यांनी चौथी खोली बांधायला काढली. तेवढ्यात हे. मेसेजमध्ये त्यांनी मदत वगैरे काही मागितली नव्हती. पुन्हा कधी येणार, एवढंच विचारलं होतं.

तर घरात खरी चर्चा यावर झाली. नवऱ्याचं म्हणणं, डोंगर वगळू, नऊ दिवस किनाऱ्यावरच काढू, सेफ. मला ते पटलं नाही. पर्यटक नुसते किनाऱ्यावर फिरून गेले तर डोंगरातल्या खोल्या रिकाम्याच राहणार. पण डोळे मिटून जाणंही शहाणपणाचं नाही, विशेषतः आई बरोबर असताना. मग ठरलं असं. डोंगरातली सगळी बुकिंग रद्द करता येतील अशीच घ्यायची. उताराच्या पायथ्याशी असलेलं हॉटेल, फोटो कितीही सही असला तरी, नको. श्रीलंकेत दरडींचे इशारे जिल्हावार निघतात. ते रोज बघायचे आणि आदल्या संध्याकाळी घरमालकांना फोन करून रस्ता विचारायचा. अंधार पडल्यावर घाटात गाडी नाही. आणि एक दिवस मोकळा. पावसामुळे कुठे अडकलो तर तो बुधवार वापरायचा. नाही अडकलो तर एल्लात व्हरांड्यात पाय पसरून बसायचं. आईनं तर तो बुधवार आत्ताच स्वतःच्या नावावर करून टाकलाय.

ट्रेनचंही तसंच. कोलंबोहून बदुल्लाला जाणारी ही लाइन इंग्रजांनी कॉफी आणि चहा खाली आणण्यासाठी टप्प्याटप्प्यानं बांधली; 1867 मध्ये कँडीला पोचली आणि बदुल्लाला 1924 मध्ये. तिच्यावरचं पट्टीपोला स्टेशन जवळजवळ 1,900 मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच जागी प्लॅटफॉर्म! रिझर्व्हेशन तीस दिवस आधी उघडतं आणि लगेच संपतं, अगदी गणपतीतल्या कोकणकन्यासारखं. कँडी ते एल्ला पूर्ण प्रवास सहा-सात तासांचा. आईसाठी आम्ही फक्त नानू ओया ते एल्ला हा अडीच-तीन तासांचा तुकडा घेणार. चहाचे मळे, ढग, बोगदे, हे सगळं त्यात येतंच. मात्र तिकिटाच्या मागे लागण्याआधी कोणता टप्पा चालू आहे ते रेल्वेकडून कळून घ्या. बंद असेल तर गाडीनं जायचं आणि रुसायचं नाही. एसी फर्स्ट क्लास घेऊ नका, तिथे खिडक्या उघडत नाहीत. आणि दारात लटकून रील काढण्यात माणसं मेली आहेत. आपल्याला लोकलनं काय ते शिकवलंय.

मळ्यांतून जाताना एक गोष्ट माहीत असू द्या. 1869 नंतर तांबेऱ्यानं कॉफी संपवली आणि तिच्या जागी चहा आला. हा चहा तोडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ, त्यांचे पूर्वज इंग्रजांनी तमिळनाडूतून आणलेले. देश 1948 मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं यातल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं. ते पूर्ण परत मिळायला अनेक दशकं लागली. आजही बरीच कुटुंबं इंग्रजांच्या काळातल्या चाळवजा 'लाइन रूम'मध्ये राहतात. फोटो काढायचा तर आधी विचारा. पैसे मागितले तर तोंड वाकडं करू नका.

आईची सिलोन

आई तिला अजून 'सिलोन' म्हणते. नाव 1972 मध्ये बदललं, पण तिच्या पिढीला ते रेडिओवर ऐकू आलं नाही बहुतेक! केसकर नावाचे आपले मराठी मंत्री 1952 मध्ये नभोवाणी खात्यात आले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. मग अख्ख्या हिंदुस्थानानं सुई फिरवली ती रेडिओ सिलोनवर. बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. अमीन सायानी कार्यक्रम रेकॉर्ड करायचे मुंबईत, टेपा विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून बुधवारी रात्री आवाज परत आमच्या आजोळच्या ओट्यावर. आईला त्या स्टेशनची इमारत बाहेरून बघायची आहे. आत नाही, बाहेरून. रविवारची दुपार म्हणूनच कोलंबोत. बाकी कोलंबोत तिला काडीचाही रस नाही.

तिचा दुसरा हट्ट अशोकवनाचा. नुवारा एलियापासून चार-पाच किलोमीटरवर सीता एलिया नावाच्या गावात ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे. रस्त्याला लागूनच, म्हणजे चढ नाही. शेजारी हकगलाची बाग. सोमवारी पहाटे नवरा आणि भाऊ हॉर्टन प्लेन्सला जाणार, आम्ही दोघी इकडे. हॉर्टन प्लेन्स म्हणजे दोन हजार मीटरच्या वरचं पठार, कासपेक्षा मोठं, त्याच्या टोकाला 'वर्ल्ड्स एन्ड' नावाचा कडा. खाली साडेआठशे मीटरपेक्षा जास्त सरळ दरी. नऊ किलोमीटरचा फेरा आहे. सकाळी नऊ-दहानंतर दरीत ढग भरतात आणि मग कोकणकड्यावर पावसाळ्यात दिसतं तेवढंच दिसतं. म्हणजे पांढरं. म्हणून निघायचं पाचला. प्लॅस्टिकचे रॅपर गेटवर काढून ठेवतात, चिवडा डब्यात भरा.

कँडीच्या दंतमंदिरात गुडघे-खांदे झाकलेले हवेत, चपला आणि टोपी बाहेर. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी बिलकुल नको, ते तिथे फार लागतं. दंडावर बुद्धाचा टॅटू होता म्हणून 2014 मध्ये एका ब्रिटिश बाईला देशाबाहेर काढलं होतं. टॅटू असेल तर फुल बाह्या, फंडा क्लिअर!

उतरा खाली

एल्ला हजार मीटरवर. तिथून वेल्लवायापर्यंतचा रस्ता तीसेक किलोमीटरांत सगळी उंची सोडतो. गाडीचा एसी बंद करा, काच खाली घ्या. पहिल्या वळणाला निलगिरीचा वास, मग रावणा धबधब्याचे तुषार, मग अचानक कोमट हवा, आणि खाली आल्यावर रस्त्याकडेला शहाळ्यांचे केशरी घड. थंबिली म्हणतात त्याला. स्वेटर इथे काढायचा. वळणांवर पोटात ढवळणाऱ्यांनी अव्होमिन निघण्याआधीच घ्यावी.

वेलिगामाचा उपसागर अर्धवर्तुळासारखा, खाली वाळू आणि लाटा बुटक्या. शिकाऊ सर्फरसाठी याहून बरी जागा नाही. भावाला मी 'आधी इथे उभा राहा, मग अरुगम बेच्या बाता मार' असं सांगून ठेवलंय. शेजारचं मिरिसा ब्लू व्हेलसाठी. डिसेंबर ते एप्रिल हंगाम, बोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटतात. इथे किनाऱ्यापासून थोडं गेलं की तळ एकदम खोल जातो, म्हणून जगातला सगळ्यात मोठा प्राणी बघायला फार लांब जावं लागत नाही. तरी बोट लागतेच. बोटवाला 'एकदम जवळ नेतो' म्हणाला तर दुसरी बोट बघा. व्हेलच्या मागे लागणाऱ्या बोटी त्याला श्वास घेऊ देत नाहीत. तिथल्या प्रसिद्ध 'काठीवरच्या कोळ्यां'चे फोटो तुम्ही पाहिले असतील. आता त्यातले बरेच माशांपेक्षा पर्यटकांना गळ टाकतात. मजा म्हणून बघा.

गॉल मात्र घाईत करू नका. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, डचांनी 1640 मध्ये घेतलं आणि आज दिसतो तो किल्ला उभा केला. आपला सिंधुदुर्ग-विजयदुर्ग डोळ्यांसमोर असेल तर तटबंदी बघून फार दचकायला होत नाही. आश्चर्य वाटतं ते आत माणसं राहतात याचं. शाळा सुटते, मशिदीची अजान होते, कोर्टाच्या पायरीवर वकील चहा पितात. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत बाहेरचं शहर आणि क्रिकेटचं मैदान उद्ध्वस्त झालं, पण या जाड भिंतींनी आतलं गाव बरंचसं वाचवलं. मैदान 2007 मध्ये पुन्हा उभं राहिलं. मुरलीधरननं आपली आठशेवी विकेट याच मैदानावर काढली, जुलै 2010 मध्ये, आणि बळी आपलाच प्रग्यान ओझा. नवरा ती जागा दाखवणार आहे. मला ती दाखवली गेलीच पाहिजे असं नाही.

बॅगेत काय, पोटात काय

शाकाहारी मंडळींनो, एक वाक्य पाठ करा, 'उंबलकड नको'. तो सुकवलेल्या माशाचा चुरा आहे आणि खोबऱ्याच्या निष्पाप दिसणाऱ्या पोल सांबोलमध्ये तो असतोच असतो. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, ती भातावर घेतली की आई खूश. सकाळी आप्पम, तिथे त्याला हॉपर म्हणतात. मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर किथुल माडाचा काकवीसारखा पाक, हे मात्र रोज खा. मी खाल्लं होतं.

पौर्णिमेला देशभर सुट्टी आणि ड्राय डे. तारीख ठरवताना पंचांग बघा. ग्रुपमधल्या कुणाचा वाढदिवस त्या रात्री येत असेल तर आधीच सांगून टाका. व्हिसासाठी ऑनलाइन ईटीए काढावा लागतो. फीचे नियम अलीकडच्या वर्षांत बरेचदा बदललेत, म्हणून जायच्या महिनाभर आधी फक्त सरकारी साइट उघडा, मधल्या दलालांची नाही. यूपीआय 2024 पासून तिथे आलंय, पण डोंगरातल्या टपरीवर रोखच लागते. सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच स्मारकांत तिकीट कमी पडतं, पासपोर्ट खिशात ठेवा, नुसता फोनमधला फोटो चालत नाही.

बॅग एकच आणि तिचे दोन कप्पे. वरच्या कप्प्यात कानटोपी, स्वेटर, मोजे, आईचा नी-कॅप, जळवांसाठी मीठ. खालच्यात सुती कपडे, सनस्क्रीन, टॉवेल. गुरुवारी एल्लाहून निघताना वरचा कप्पा तळाला जाईल. आईनं स्वतःची बॅग आत्ताच भरून दारामागे ठेवलीय. त्यात एक खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आहे. शॉर्टवेव्हचा. चालतो का ते तिनं तपासलेलं नाही, आम्हाला तपासूही देत नाही.